मानेचं दुखणं आणि मनाचं ओझं

मैत्रिणींनो, मागून कुणी हाक मारली तर तुमच्यापैकी किती जणींना नुसती मान वळवून बघता येतं? हसू नका. मला जवळजवळ दोन वर्षं येत नव्हतं. हाक आली की मी अख्खी वळायची. खांदे, कंबर, पाय सगळ्यासकट, एखादं कपाट सरकवावं तशी.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. एकदा मधल्या सुट्टीत वर्गावरून जात होते, तर नववीतली एक मुलगी खांदे कानाशी नेऊन, मान ताठ धरून, सगळ्या अंगानं वळून दाखवत होती आणि बाकीच्या खदखदून हसत होत्या. नक्कल कुणाची ते सांगायला नको. मुलींचा राग आला नाही. नक्कल अगदी हुबेहूब होती. पण घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून मी पुष्कळ रडले. तेवढ्यावरून रडण्यासारखं काय होतं? ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला आणखी वर्ष गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली

आमचं बिऱ्हाड कऱ्हाडला. चार वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या. त्याच महिन्यात ह्यांची बदली रत्नागिरीला झाली. शनिवारी रात्री यायचं, रविवारी संध्याकाळी परत. घरात मी, सासूबाई आणि सातवीतली लेक.

सकाळी साडेपाचला उठून डबा, सासूबाईंचं सगळं अंथरुणातच, मग त्यांना धरून उठवून बसवणं; अकरा ते तीन शाळा; संध्याकाळी स्वयंपाक, लेकीचा अभ्यास; आणि रात्री मांडीवर वह्यांचा गठ्ठा. निजले तरी एक कान सासूबाईंच्या खोलीकडे. त्या हाक मारायच्या रात्रीतून एकदा किंवा दोनदा, पण मी जागी असायची सगळी रात्र.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी मान धरली. वाटलं, वेडीवाकडी झोपले असेन. मान धरली की आपल्याकडे उपायांना काय तोटा? बाम चोळला. गरम पाण्याची पिशवी झाली. शेजारच्या काकूंनी तव्यावर वाळू भाजून पुरचुंडीनं शेकून दिलं. उशी काढली, मग पातळ उशी घेतली, मग टॉवेलची गुंडाळी. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा खांद्यापासून कवटीच्या खालपर्यंत दोरी पिळल्यासारखं व्हायचं.

दिवाळीही तशीच गेली. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. माझं त्या पंक्तीत जाऊन बसलं.

एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडात धरून म्हणाले, “मणक्यांत थोडी झीज आहे, वयाप्रमाणं.” त्यातले “थोडी” आणि “वयाप्रमाणं” हे शब्द माझ्या कानांवर पडलेच नाहीत. मी एवढंच ऐकलं, की मान झिजली! मग मी मानेला काचेच्या बरणीसारखं जपायला लागले. पट्टा लावला. स्कूटर सोडली. वरच्या फळीवरचा डबा काढायला लेकीला हाक मारायची. वेणीसाठी हात वर जाईना म्हणून केस कापून टाकले. भिशीला जाणं बंद केलं, कारण तिथं चार बाजूंच्या चौघींशी बोलताना मान वळवावी लागते. पट्ट्याचा एक फायदा मात्र झाला. इतके दिवस “काय गं, गप्प का?” असंही कुणी विचारलं नव्हतं, पट्टा दिसल्यावर सगळे विचारायला लागले.

पुढं दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “घाबरण्यासारखं काही नाही. टेन्शन घेऊ नका.” टेन्शन म्हणजे काय ताटातली पोळी आहे, नको म्हटलं की वाढत नाहीत? वर दारातून बाहेर पडताना ह्यांच्याकडे बघून हळूच म्हणाले, “मनाचं आहे.” ते मला फार लागलं. दुखतंय माझं, आणि हे म्हणतात मनाचं! आता घरात दोन पक्ष पडले. सासूबाई आणि काकू मणक्याच्या पक्षात, हे आणि मोठे दीर मनाच्या पक्षात. आणि मी मधे, पट्टा लावून.

पुढं जे समजलं त्याचं तात्पर्य आधीच सांगून टाकते: दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते आणि दोन्ही अर्धे चूक.

ओझं उचलणारी मंडळी

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. म्हणजे पिठाचा भरलेला डबाच. तो तोलून धरायला मानेत मणके सात. गंमत म्हणजे एवढ्या लांब मानेच्या जिराफालाही सातच! या मणक्यांना धरून पुढं-मागं लहानमोठ्या स्नायूंचे थर असतात. मणक्यांना अगदी लागून असलेले आतले स्नायू लहान पण कामसू. मान सरळ ठेवणं हे त्यांचं काम. वरचे मोठे स्नायू मान आणि खांदे हलवतात. त्यातला ट्रॅपेझियस हा सगळ्यांत मोठा. कवटीच्या मागच्या भागापासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मधोमध असा तो पसरलेला असतो. “इथं दुखतं गं,” म्हणून आपण हात नेतो तो बहुधा याच्यावर, किंवा याच्याखाली असणाऱ्या, खांद्याचं चपटं हाड वर उचलणाऱ्या स्नायूवर.

मान बरेच दिवस दुखत असली की पुष्कळदा आतले स्नायू आळसावतात आणि त्यांचं काम वरच्या स्नायूंच्या गळ्यात पडतं. घरात एकानं अंग काढून घेतलं की दुसऱ्याची जशी ओढाताण होते, तसंच हे. त्यात आपण तासन्‌तास मान खाली घालणाऱ्या: वह्या तपासणं, भाजी निवडणं, शिवण, आणि आता मोबाइल. डोकं जितकं पुढं झुकतं तितकं मागच्या स्नायूंना जास्त ओढून धरावं लागतं.

पण एवढंच असतं तर मान सरळ ठेवली की काम भागलं असतं. माझं भागलं नाही. कारण स्नायू आखडतात ते नुसत्या कामानं नव्हे.

पहिली उठणारी, शेवटी निजणारी

स्वीडनमध्ये एक प्रयोग करून पाहिला गेला आहे. माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवायचं, उचलायला काही द्यायचं नाही, फक्त घाईघाईनं अवघड गणितं तोंडी करायला लावायची. ट्रॅपेझियस स्नायूतली विजेची हालचाल यंत्रावर मोजली, तर ती वाढलेली दिसली. हाताला काम नाही, मानेला ओझं नाही. ताण फक्त मनाला, तरी स्नायू कामाला लागला.

त्याच देशातले संशोधक हेग यांनी १९९१ साली एक कल्पना मांडली. स्नायूत तंतूंचे अनेक गट असतात. हलकं काम निघालं की काही ठरावीक छोटे गट सगळ्यांत आधी कामाला लागतात आणि काम संपूर्ण थांबेपर्यंत त्यांना सुट्टी नसते. काम हलकं असलं तरी ते सारखं चालू राहिलं तर हे गट थकतात, दुखावतात. या तंतूंना त्यांनी नाव दिलं सिंडरेला! गोष्टीतली ती पोर नाही का, घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी निजणारी?

हे ऐकलं तेव्हा मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. रात्रभर एक कान सासूबाईंच्या खोलीकडे ठेवून पडलेली मी, आणि माझ्या खांद्यातले ते तंतू, दोघींचं जिणं एकच होतं. जड उचलल्यानं माझी मान गेली नव्हती. तिला कधी सुट्टीच मिळाली नव्हती.

आखडलं म्हणजे खरंच कडक झालं का?

इथं आणखी एक नवलाची गोष्ट. स्नायू किती कडक आहे ते आता खास सोनोग्राफीनं मोजता येतं. जुनाट मानदुखी असलेल्यांची मान अशी मोजली, तर काही अभ्यासांत स्नायू खरोखर कडक आढळले आणि काहींत न दुखणाऱ्यांपेक्षा फरकच दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाठदुखीच्या रुग्णांची पाठ यंत्रानं तपासली. “पाठ लाकडासारखी झाली” असं सांगणाऱ्यांची पाठ मोजमापात तितकी कडक निघाली नाही. मग त्यांना तसं का वाटत होतं? संशोधकांचं म्हणणं असं की, ती आखडल्याची जाणीव म्हणजे मेंदूनं घातलेला पहारा आहे. “हलू नकोस, इथं धोका आहे,” असं तो सांगत असतो.

याचा अर्थ दुखणं खोटं असा मुळीच नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची सुधारलेली व्याख्या दिली, तिच्यातही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव मानला आहे. म्हणजे “शरीराचं की मनाचं?” हा प्रश्नच चुकीचा. मराठीच्या बाईला हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. मान आणि मन यांत अंतर ते कितीसं? एका कान्याचं!

भीती दुखणं वाढवते ती अशी. दुखतं म्हणून हलवायचं नाही. हलवलं नाही की स्नायू आणखी अशक्त होतात, मान आणखी धरते. मग आणखी भीती. रात्री झोप नाही; झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं दुप्पट जाणवतं. कामं अडतात, आपलीच आपल्याला लाज वाटते, माणसांत जाणं बंद होतं, मन खचतं. खचलेल्या मनाला दुखणं अधिक बोचतं. हे रहाट एकदा फिरायला लागलं की सुरुवात कुठून झाली हे विचारण्यात अर्थ उरत नाही. ते कुठं थांबवता येईल एवढंच बघायचं.

आणि झिजेचं म्हणाल, तर ही गोष्ट प्रत्येक एक्स-रेबरोबर छापून द्यायला हवी. जपानमध्ये मान मुळीच न दुखणाऱ्या १,२११ निरोगी माणसांच्या मानेचे एम. आर. आय. काढले होते. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधली एखादी तरी गादी फुगलेली होती. विशीतल्या बहुतेक तरुणांचीसुद्धा! केस पांढरे होतात तशी ही झीज. तेव्हा फोटोत झीज दिसली म्हणजे मान कामातून गेली, असं नाही.

वहीनं केलेला उलगडा

हे सगळं मला समजावून सांगितलं ते आमच्या गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. वयानं माझ्यापेक्षा लहान. मान तपासून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, “ताई, झोप लागते का?” मी म्हटलं, “नाही.” “रडू येतं का?” मी उत्तर दिलं नाही, पण उत्तर त्यांना दिसलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्यांनी मला एक वही घालायला सांगितली. दिवसातून चार वेळा दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा आणि त्या वेळी काय चाललं होतं ते एका ओळीत लिहायचं. मला खात्री होती की सगळ्यांत मोठे आकडे धुणं, कणीक आणि वह्या तपासण्याच्या वेळी येतील. तीन आठवड्यांनी वही उघडली, तर वेगळंच दिसलं. वर्गात कविता शिकवताना मान तीनवर. कणीक मळताना चारवर. आणि आठवड्यातला सगळ्यांत मोठा आकडा तिन्ही वेळा एकाच जागी: रविवारी संध्याकाळी सहा वाजता. तेव्हा मी काहीच करत नव्हते. गॅलरीत उभी राहून ह्यांना निरोप देत होते.

त्या ओळीकडे बघत मी बराच वेळ बसले. मग त्यांना जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हल्ली कधीकधी रात्री वाटायचं की झोपावं आणि सकाळी उठूच नये. जिवाचं काही बरंवाईट करावं असं नव्हतं मनात. नुसतं उठू नये, इतकंच. त्या घाबरल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, “असं बोलू नये” म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, मानेचा व्यायाम मी देते. पण ह्यासाठी मनाच्या डॉक्टरांनाही भेटा. आणि घरच्यांना सांगा. ह्याच आठवड्यात.”

शनिवारी हे आल्यावर मी सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, आधी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “अहो, पट्टा सगळ्यांना दिसतो, हे दिसत नाही ना!” सोमवारी रजा काढून हे माझ्याबरोबर आले.

मनाच्या डॉक्टरांकडे जायला मी किती कचरत होते म्हणून सांगू! कुणी बघितलं तर? मी काय वेडी आहे? तिथं गेल्यावर कळलं, बाकावर बसलेल्या सगळ्या माझ्यासारख्याच. त्यांनी बोलतं केलं, रात्री घ्यायची एक गोळी दिली. अशा औषधांतली काही जुनाट दुखण्यावर आणि झोपेवरही कमी मात्रेत देतात, हे तेव्हा समजलं. तेव्हा चिठ्ठीत तसं औषध दिसलं म्हणून रागावून फाडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

घराचीही थोडी मांडणी बदलली. वन्सं दोन महिन्यांतून पंधरा दिवस सासूबाईंना आपल्याकडे न्यायला लागल्या. आधी का नेत नव्हत्या? आम्ही कधी म्हटलंच नव्हतं! लेकीनं आजीच्या खोलीत झोपायचं ठरवलं आणि उशाशी देवघरातली घंटा ठेवली. पहिल्या रात्री सासूबाई मला म्हणाल्या, “आता तू झोप हो. मी हाक मारली नाही तरी तू जागीच असायचीस. मला ऐकू यायचं तुझं कूस बदलणं.” इतके दिवस मी त्यांच्या हाकेसाठी जागी आणि त्या माझ्या जागेपणामुळं जाग्या!

घरच्या घरी करण्यासारखं

व्यायाम अवघड नसतात. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांचे तीन गट केले होते. दोन गटांनी दहा आठवडे रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम केला. एकानं रोज बारा मिनिटं, दुसऱ्यानं रोज दोन मिनिटं. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं, आणि दोन मिनिटंवाले फारसे मागं पडले नाहीत. “वेळ कुठं आहे हो?” म्हणणाऱ्या आपल्याला दोन मिनिटं तरी नक्की आहेत. मला सांगितलेलं असं, पण एकदा जाणकाराकडून बघून घेणं बरं:

१. खुर्चीत ताठ बसून हनुवटी सरळ मागं घ्यायची, गळ्याखाली दुसरी हनुवटी आल्यासारखी दिसते तशी. पाच अंक मोजायचे, सोडायची. आठ-दहा वेळा.

२. खांद्यामागची दोन्ही चपटी हाडं एकमेकांकडे ओढायची, पाच अंक, सोडायची.

३. मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे, जाईल तितकीच. रोज तिळातिळानं जास्त. गरगर फिरवायची नाही.

४. तळहात कपाळाला टेकवून डोकं हलकेच हातावर दाबायचं, पण मान हलू द्यायची नाही. मग तसंच बाजूंना आणि मागं.

करताना थोडं ओढल्यासारखं झालं तर चालतं. कळ हातात उतरायला लागली तर थांबायचं.

याशिवाय माझे काही घरगुती तोडगे. कुकरची शिटी झाली की खांदे कुठं आहेत ते बघायचं; बहुधा ते कानाजवळ असतात. एक मोठा श्वास सोडून ते खाली आणायचे. तीन शिट्ट्यांत तीनदा विश्रांती! वह्या मांडीवर न घेता टेबलावर, खाली दोन जाड पुस्तकं लावून तिरप्या केलेल्या पाटावर ठेवते. मोबाइल डोळ्यांसमोर उचलून धरते. बाजारातली पिशवी एकच जड न घेता दोन हातांत दोन. उशी एकच, मान आणि डोकं सरळ रेषेत राहील इतकी. गरम शेक जरूर घ्यावा, पण शेक घेऊन पडून राहू नये; शेकल्यावर मान हलवावी. पट्टा महिनोन्‌महिने लावला तर स्नायू आणखी अशक्त होतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितला असेल तितकेच दिवस. आणि मान मोडून घेणं, कडकन आवाज काढून घेणं, हे मात्र कुणाकडूनही नको. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नाजूक वाहिन्या जातात, त्यांना इजा होऊ शकते.

थांबू नये असं केव्हा?

मान धरल्याबरोबर ताप आणि जोराची डोकेदुखी असेल. पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलं असेल. हाताची शक्ती जात असेल, बोटं बधिर होत असतील, ब्लाउजचे हुक लावता येत नसतील. चालताना तोल जात असेल. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल. उगीच वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. मान, जबडा, हात दुखून दम लागत असेल आणि घाम फुटत असेल तर दुखणं हृदयाचंही असू शकतं. तेव्हा सरळ दवाखान्यात.

मनाचंही तसंच. दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतही गोडी नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर “होईल बरं” म्हणून लोटू नका. गावात मनाचे डॉक्टर नसतील तर सरकारनं २०२२ साली टेली-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसारात्री केव्हाही लागतो, मराठीत बोलता येतं.

माझी मान पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत, किंवा घरात कुणाचं काही बिनसलं की, ती अजून धरते. पण आता मी घाबरत नाही. ती धरली की आधी विचारते, “काय गं, कशाचं घेतलंस अंगावर?” बहुधा उत्तर मिळतं. गेल्या महिन्यात प्रीतिसंगमावर फिरायला गेलो होतो, लेक मागं रेंगाळली होती. तिनं “आई!” म्हणून हाक मारली आणि मी मान वळवून बघितलं. नुसती मान. लेकच ओरडली, “आई, तू वळलीस!”

२०२० साली जगभरात सुमारे वीस कोटी माणसांची मान दुखत होती असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. त्यातली एखादी तुमच्या शेजारी असेल, माहेरी असेल, तुमची सासू नाहीतर सून असेल. तिला वाळूची पुरचुंडी जरूर करून द्या. शेकताना तिच्याजवळ जरा बसा, आणि विचारा, “रात्री झोपतेस ना गं?” मग ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.